तिसऱ्या दिवशी हातात फावडं : केनियाच्या खेड्यात सेवेला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे म्हणतात, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तिथल्या स्वाहिली भाषेतही अशीच म्हण आहे, पण ती पाहुण्याला हाकलत नाही. 'म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातु म्पे जेम्बे', म्हणजे पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती फावडं द्या. आमच्या यजमानीणबाईंनी ही म्हण दुसऱ्याच रात्री हसत हसत ऐकवली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच माझ्या हातात झाडू आला. तिथून आमची सेवा सुरू झाली असं मी मानते. त्याआधी दोन दिवस आम्ही नुसत्या बॅगा उघडत होतो.

मी नाशिकची. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गटाबरोबर दोनदा केनियाच्या किनारपट्टीवर, किलिफी काउंटीतल्या रबाई-कालोलेनी भागात राहून आले. दोन्ही वेळा तीन-तीन आठवडे. आता दर वर्षी कोणी ना कोणी फोन करून विचारतं, ताई, काय न्यायचं, काय बोलायचं, आजारी पडलो तर? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आफ्रिका म्हणजे चोपन्न देश, त्यामुळे मी फक्त या एका कोपऱ्याबद्दल बोलणार आहे. इथिओपिया किंवा मलावीला जाणाऱ्याने त्याच्या जागेची माहिती वेगळी काढावी.

आधी निमंत्रण, मग तिकीट

गट जमला, निधी जमला, आता गाव शोधू, हा क्रम उलटा आहे. आधी तिथल्या मंडळीने बोलावलं पाहिजे. केनियाच्या किनाऱ्यावर मंडळ्यांची वानवा नाही. अँग्लिकन, पेंटेकोस्टल, कॅथलिक, स्वतंत्र अशा सगळ्या आहेत आणि कित्येक आपल्या मंडळ्यांपेक्षा भरलेल्या असतात. त्यांना उपदेशक कमी पडत नाहीत. कमी पडतं ते काय, हे तेच सांगतील. आमच्या पाळकांनी पहिल्यांदा पत्र लिहिलं तेव्हा 'आम्ही सुवार्ता सभा घेऊ' असं कळवलं होतं. उत्तर आलं की सभा आम्ही घेतो, तुमच्याकडे संडे स्कूलच्या शिक्षकांना शिकवणारं कोणी आहे का, आणि शिवणकाम येणारी एखादी बहीण आहे का? मी शाळेत शिकवते, आणि गटातल्या दोघी ब्लाउज शिवायच्या. झालं, गट ठरला.

पत्रव्यवहारात हे पाच प्रश्न स्पष्ट विचारून घ्या: राहायची सोय कुठे, पाणी कुठून, दुभाषी कोण, आमच्या जेवणाचा खर्च कोणाच्या हाती द्यायचा, आणि आम्ही नसताना हे काम कोण चालवणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते काम हाती घेऊ नका.

महिना निवडताना ऑगस्ट चांगला. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस, जानेवारी-फेब्रुवारीत उकाडा जीव काढतो. ऑगस्टमध्ये हवा बरी असते आणि शाळांना सुट्टी असते, त्यामुळे मुलांचे वर्ग भरतात.

कागद आणि सुया

जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते, तिला ईटीए म्हणतात. पण ती फिरायला येणाऱ्यांसाठी. धार्मिक किंवा सेवाभावी काम करायचं तर वेगळा परवाना किंवा थोड्या मुदतीचा स्पेशल पास लागतो आणि त्यासाठी यजमान मंडळीच्या नोंदणीचे कागद लागतात. 'सगळे टूरिस्ट म्हणूनच जातात' असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. गावात पाळकाची अडचण होते, तुमची नाही. डॉक्टर-नर्स बरोबर असतील तर त्यांनीही तिथल्या वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय कोणाला तपासू नये. पिशवीभर गोळ्या नेऊन वाटणं तर मुळीच नको.

पिवळ्या तापाची लस घ्याच. गंमत म्हणजे ती जाताना विचारतील न विचारतील, येताना मुंबईला विचारतात. केनियाहून परतणाऱ्याकडे लस घेतल्याच्या दाखल्याचं ते पिवळं पुस्तक नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दहा दिवसांनी लागू होते, म्हणून निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. सोबत विषमज्वर, कावीळ अ आणि धनुर्वाताचं बघून घ्या.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आपली माणसं फार बेफिकीर असतात. 'आपल्याकडेही डास आहेत की' म्हणतात. आहेत, पण तिथला मलेरिया बहुतेक फॅल्सिपॅरम जातीचा, तो मेंदूवर जाऊ शकतो. कोणती गोळी ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सीसायक्लिन दिली तर ती निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, रोज जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, आणि परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. हे शेवटचे चार आठवडेच लोक विसरतात.

बॅगेत काय

कमी न्या. औषध मारलेली मच्छरदाणी, हेडटॉर्च, ओआरएस, उन्हाची टोपी, पायात घट्ट बसणाऱ्या चपला. तिथले सॉकेट तीन चौकोनी दांड्यांचे, आपले गोल दांड्यांचे प्लग बसत नाहीत, म्हणून दोन ॲडाप्टर. प्लास्टिकच्या कॅरीबॅग अजिबात नेऊ नका. २०१७ पासून तिथे कडक बंदी आहे आणि दंड जबर आहे. चिवडा, लाडू डब्यात भरा. आमच्यातल्या एका काकांच्या बॅगेतून विमानतळावर बारा पिशव्या निघाल्या, प्रत्येकीत एकेक शर्ट. सगळे शर्ट हातात घेऊन काका रांगेत उभे होते.

बायकांनी सलवार-कमीज न्यावेत. ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही वस्त्यांत चालतात. एखादी साडी रविवारसाठी ठेवा, लाल मातीत काठ मळतो याची तयारी ठेवून. गावात पोचलात की बाजारातून लेसो घ्या. ही दोन चौकोनी रंगीत कापडांची जोडी, कडेला स्वाहिली म्हण छापलेली. ती कमरेला गुंडाळता येते, डोक्यावर घेता येते, बाळ पाठीला बांधता येतं, चटई म्हणून पसरता येते. पुरुषांनी लांब पँट, हाफ पँटीत उपासनेला नाही.

आणि टाळ घ्या. खरंच. पुढे सांगते.

जाताना नाशिक आठवा

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सहा तासांच्या आसपास. तिथून मोंबासाला २०१७ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने जा, मातातुने म्हणजे तिथल्या वडापने रात्रभर नको. रेल्वे त्सावोच्या अभयारण्यातून जाते, खिडकीतून हत्ती दिसले तर दिसले.

मोंबासा बेटाच्या समोर, खाडीपलीकडे फ्रेरेटाऊन आहे, गुलामीतून सुटलेल्या माणसांसाठी वसवलेली जुनी वस्ती. तिथला एक चौक केंगेलेनी नावाने ओळखला जातो, म्हणजे घंटेपाशी. जुनी घंटा अजून तिथे आहे. नाशिककरांनी तिथे पाच मिनिटं थांबावं. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात मुंबईला आणली जात. त्यातली बरीच आपल्या शरणपूरच्या मिशन वस्तीत वाढली. लोहारकाम, सुतारकाम, लेखन-वाचन शिकली. रोज रिक्षाने शरणपूर रोडवरून जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक असतं? मलाही तिथे जाऊन कळलं. त्यांतले काही तरुण १८६४ मध्येच रबाईला कामाला गेले. विल्यम जोन्स हे त्यांतलं मोठं नाव, पुढे त्याची दीक्षा झाली आणि रबाईची मंडळी त्याने सांभाळली. १८७४-७५ मध्ये शरणपूरचेच मिशनरी डब्ल्यू. एस. प्राइस यांच्या हाताखाली फ्रेरेटाऊन वसलं, तेव्हा आणखी माणसं इथून तिथे गेली. मोंबासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

रबाईत त्याआधीपासून म्हणजे १८४६ पासून मिशन होतं. योहान क्राफ हा जर्मन मिशनरी १८४४ मध्ये मोंबासाला आला आणि काही महिन्यांतच बायको आणि तान्ही मुलगी दोघींना तापात गमावून बसला. मग रेबमान हा दुसरा मिशनरी त्याला येऊन मिळाला आणि दोघं रबाईच्या टेकडीवर गेले.

हे सगळं इतकं सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. गावात पहिला प्रश्न येतो की तुम्ही म्हिंदी, म्हणजे भारतीय, आणि ख्रिस्ती? कधीपासून? त्यांनी पाहिलेले भारतीय म्हणजे मोंबासातले दुकानदार, बहुतेक हिंदू किंवा मुसलमान, थोडे गोव्याचे कॅथलिक. तेव्हा 'तुमच्या रबाईचे पाळक आमच्या नाशकात शिकले' हे एक वाक्य तासाभराच्या परिचयाचं काम करतं. आणि आपल्याही डोक्यातला, आपण यांना काही नवीन द्यायला आलो, हा समज त्या वाक्याने उतरतो.

पोचल्याचा दिवस

सामान टाकलं की पाळकाबरोबर आधी गावच्या चीफकडे जा. चीफ हा तिथला सरकारी अधिकारी, आपल्या तलाठी-पोलीस पाटलाच्या मधला समजा. पासपोर्ट दाखवा, किती दिवस आहात सांगा. ही औपचारिकता नाही. एप्रिल २०२३ मध्ये याच किलिफी काउंटीत, मालिंदीजवळच्या शाकाहोला जंगलातून मृतदेह उकरायला सुरुवात झाली आणि आकडा चारशेच्या पुढे गेला. उपाशी राहिलात तर येशू भेटेल अशी शिकवण दिल्याचा आरोप एका उपदेशकावर आहे. तेव्हापासून अनोळखी उपदेशक दिसला की लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. म्हणून उपासाबद्दल उपदेश करू नका. 'औषध सोडा, विश्वास ठेवा' हे तर थट्टेतही तोंडातून जाऊ देऊ नका.

पहिल्याच दिवशी घड्याळ समजून घ्या. स्वाहिली घड्याळ सकाळी सहाला शून्यापासून सुरू होतं. विषुववृत्त जवळ असल्यामुळे बाराही महिने सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि मावळतो, मग दिवसाचे तास उजाडल्यापासूनच मोजायचे, सरळ हिशेब. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. मला आकडे पाठ होते, घड्याळ नाही. भगिनी मंडळाची बैठक 'सा नाने' ला आहे कळलं, नाने म्हणजे आठ. मी सकाळी पावणेआठला तयार होऊन आंब्याखाली जाऊन बसले. शेळ्या आल्या, गेल्या. एक म्हातारी दोनदा विचारून गेली, बरं नाही का? बैठक दुपारी दोनला होती.

दिवस कसा जातो

उजाडायच्या आत कोंबडा आणि झाडूचा आवाज. अंगण झाडणं ही प्रत्येक घरची पहिली ओवी आहे, आणि वाळूवर झाडूच्या रेघा उमटलेल्या दिसल्या की घर जागं झालं. पाहुणा म्हणून दोन दिवस बघा, मग झाडू मागा. पहिल्यांदा नाही म्हणतील. पुन्हा मागा.

मग पाणी. हा भाग दुष्काळी आहे. वीस लिटरचे पिवळे डबे, त्यांना म्तुंगी म्हणतात, सार्वजनिक नळावर पैसे देऊन भरायचे आणि डोक्यावरून किंवा सायकलवरून आणायचे. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला यात नवल नाही, पण शहरातली मुलं पहिल्या दिवशी दोन बादल्यांनी अंघोळ करतात आणि मग यजमानांच्या घरची मुलगी न बोलता पुन्हा डबा उचलते. अर्ध्या बादलीत अंघोळ जमवा, केस आठवड्यातून एकदा. पिण्याचं पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकून घ्या, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

नाश्त्याला म्बाझी आणि माहाम्री. म्बाझी म्हणजे आपली तूर, अख्खी शिजवून नारळाच्या दुधात. माहाम्री म्हणजे वेलदोडा घातलेली फुगीर तळलेली पुरी. पहिल्या घासाला मला रत्नागिरीची मावशी आठवली. हा सगळा मुलूखच कोकणासारखा आहे: नारळ, काजू, आंबा, लाल माती, झावळ्यांनी शाकारलेली छपरं. त्या छपरांना मकुती म्हणतात. दुपारी-रात्री मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला इतर केनियात उगाली आणि इथे सिमा म्हणतात, बरोबर म्चिचा म्हणजे माठाची भाजी, किंवा सुकी मासळी. उजव्या हाताने गोळी करायची, अंगठ्याने खळगा करायचा, त्यात भाजी उचलायची. भाकरी खाणाऱ्याला दोन दिवसांत जमतं. गोमांस चालत नसेल तर पत्रातच कळवा, ताटासमोर बसल्यावर नको. तुमच्यासाठी कोंबडी कापली तर तो मान आहे. 'आमच्यासाठी त्रास नको' म्हणू नका, खा.

भाषा जितकी येईल तितकी बोला. मराठी माणसाला स्वाहिली बाजारात अर्धी ओळखीचीच वाटते. गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा, लाखाला लाकी, विम्याला बीमा, कोशिंबिरीला काचुम्बारी. मोठ्या माणसाला भेटलात की 'शिकामू' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. दारात 'होडी' अशी हाक द्यायची आणि आतून 'कारिबु' आल्याशिवाय पाय टाकायचा नाही. लग्न झालेल्या बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मामा अमक्याची. तिथे मामा म्हणजे आई. पाळकाला म्चुंगाजी, म्हणजे मेंढपाळच, आणि त्याची बायको मामा म्चुंगाजी. कोणाला ठेच लागली, कोणाचा बाप गेला, कोणाची बस चुकली, सगळ्याला एकच शब्द: 'पोले'. मराठीत याला शब्द नाही याचं मला तिथून आल्यापासून वाईट वाटतं.

आमचं काम नऊ ते साडेबारा. संडे स्कूलच्या चौदा शिक्षिका, एक फळा, झाडाची सावली. मी नाशिकहून रंगीत तक्ते नेले होते, ते पहिल्याच दिवशी वाऱ्याने गोळा केले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काजूच्या बिया, नारळाच्या करवंट्या, सुतळी यांवर गोष्टी शिकवल्या. त्यांच्याकडे जे आहे त्यावरच शिकवा, म्हणजे तुम्ही गेल्यावरही धडा उरतो. शिवणवर्गातही तेच, पायाने चालणारं यंत्र, गावात मिळणारा दोरा. दुपारी ऊन उतरेपर्यंत काम काढू नका. तीन ते पाच घरभेटी. साडेसहानंतर अंधार झपकन पडतो, मग टॉर्चशिवाय बाहेर नाही, आणि नारळाच्या झाडाखाली बसायचं नाही हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

दुभाष्याबरोबर बोलणं

चांगला दुभाषी मिळाला तर अर्ध काम झालं. पण आधी त्याच्याशी तासभर बसा, वचनं दाखवा, गोष्टी सांगा. आपण इंग्रजीत बोलतो, तो स्वाहिलीत करतो, कधी मागे बसलेल्या आज्यांसाठी दुसरं कोणी गिरियामा या तिथल्या बोलीत करतं. म्हणजे वीस मिनिटांच्या बोलण्याला आठ मिनिटांचा मजकूर पुरे.

मला बसलेला धडा सांगते. योहान ३:१७. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि दुभाष्यासाठी म्हणून मध्येच थांबले: 'देवाने आपल्या पुत्राला जगात पाठवलं नाही'. इंग्रजीत वाक्य असंच सुरू होतं, 'न्यायनिवाडा करायला' हे पुढे येतं. दुभाषी तरुण माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली, म्हणजे चल, बोल. त्याने घसा खाकरला, पण बोलला नाही. मागच्या बाकावरून एक म्हातारे आजोबा मोठ्याने म्हणाले, 'पूर्ण बोल, बाई'. सगळी मंडळी हसली. तेव्हापासून नियम: अर्थ पुरा झाल्याशिवाय थांबायचं नाही, आणि वाक्य लहान. मराठीत विचार करून मग इंग्रजीत बोलणाऱ्यांनी तर हे आरशासमोर घोकावं.

दाखले तिथले घ्या. आमच्यातल्या एका तरुणाने लोकलच्या गर्दीचा दाखला दिला, दुभाष्याला लोकल समजावण्यातच पाच मिनिटं गेली आणि शेवटी लोकांना वाटलं की मुंबईत माणसं गाडीला लटकतात म्हणून तिथे प्रार्थनेची गरज आहे. तेही खोटं नाही म्हणा.

रविवार

उपासना नऊ-दहाला सुरू होते आणि एक-दोनपर्यंत चालते. पोटभर खाऊन जा. पाहुण्यांना पुढे बोलावून सलाम सांगायला लावतात. प्रत्येकाने उभं राहायचं, 'ब्वाना असिफिवे', म्हणजे प्रभूची स्तुती असो, म्हणायचं, मंडळी 'आमेन' म्हणते. 'मुंगु नी म्वेमा' म्हटलंत तर 'कीला वाकाती' येतं, देव चांगला आहे, सर्वकाळ. नाव, गाव, एक वाक्य आणि खाली बसा. आपल्याकडच्या भाषणबाज वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

मग गाणं मागतात. इथे टाळ. आम्ही एक साधं मराठी भजन म्हटलं, दोन टाळांवर. तिसऱ्या ओळीला कोपऱ्यातल्या बायकांनी कायांबा उचलला. बोरूच्या चपट्या चौकटीत बिया भरलेलं हे मिजिकेंडा, म्हणजे या किनाऱ्यावरच्या मूळ लोकांचं वाद्य, हलवलं की सपासप वाजतं. शब्द कोणाला कळत नव्हते. भजन चार वेळा म्हणावं लागलं. गिटार आणि स्पीकर नेणाऱ्या गटांना हे सुख मिळत नाही.

अर्पणात नाणी-नोटांबरोबर अंडी, शहाळी, मक्याची कणसं, कधी जिवंत कोंबडी येते, आणि उपासनेनंतर लिलाव होतो. आपल्याकडे हंगामाच्या सणाला होतो तसाच. बोली जरूर लावा, पण सगळं विकत घेऊ नका. दुसऱ्या पाहुण्यांनी असं केल्याची गोष्ट अजून सांगतात, आणि कौतुकाने नाही.

घरभेट, आजारी, मयत

घरभेटीला तिथलं माणूस पुढे, तुम्ही मागे. बसा, बाळ घ्या, चहा घ्या, विचारल्यावर प्रार्थना करा. प्रार्थनेत शब्द जपून. किलिफीत म्हाताऱ्या माणसांवर चेटकाचा आळ घेऊन जीव घेण्याचे प्रकार होतात, मुळाशी बरेचदा जमिनीचा वाद असतो. 'या घरावरचं वाईट बंधन तुटू दे' असं आपण सहज बोलून जातो. दुभाष्याच्या तोंडून ते कोणावर जाऊन आदळेल सांगता येत नाही. ओसरीवर पांढऱ्या केसांची सासू बसलेली असते. बरं वाटू दे, डॉक्टरांच्या हाताला यश दे, घरात शांती दे, एवढं पुरे. आणि दवाखान्यात नेलं का, हे विचारा.

रस्त्यालगतच्या दाट जंगलाचे तुकडे कायांचे आहेत, मिजिकेंडांच्या पूर्वजांच्या वस्त्या. २००८ पासून जागतिक वारशात आहेत. वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय आत पाऊल नको, आणि तिथे उभं राहून मोठ्याने प्रार्थना करण्याचं शौर्य तर नकोच.

गावात मयत झालं की तुमचा कार्यक्रम रद्द, फळ्यावर काहीही लिहिलेलं असो. मातांगा म्हणजे दुखवट्याची बैठक दिवसेंदिवस चालते, सगळं गाव जातं. तुम्हीही जा, खाली चटईवर बसा, 'पोले' म्हणा आणि गप्प बसा. आमच्या दुसऱ्या खेपेला असे तीन दिवस गेले. मी बायकांबरोबर नारळ खवत बसले, ओल्या नारळाचा ढीग, बसून खवायची म्बुझी नावाची घडीची खुर्ची, तिच्या टोकाला दाते. आपल्या खवणीची सख्खी बहीण. त्या तीन दिवसांनंतर लोक माझ्याशी निराळंच बोलायला लागले.

देणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पहिल्या खेपेला मी शंभर पेन्सिली नेल्या आणि शाळा सुटल्यावर वाटायला लागले. दीड मिनिटात दोनशे मुलं, धक्काबुक्की, एक लहान मुलगी खाली पडली, गुडघा फुटला. मुख्याध्यापिकाबाई काही बोलल्या नाहीत. उरलेल्या पेन्सिली माझ्या हातातून घेऊन कपाटात ठेवल्या, एवढंच.

तेव्हापासून: वस्तू शाळेला किंवा मंडळीच्या खजिनदाराला, पावती घेऊन. मुलांच्या हातात काही नाही, गोळ्यासुद्धा नाही. वैयक्तिक मागणं येईल, फी, मोबाइल, औषध. 'नाही' म्हणायला लाजू नका आणि 'बघतो' तर म्हणूच नका, कारण तिथे 'बघतो' म्हणजे हो. 'मी म्चुंगाजींशी बोलेन' हे खरं उत्तर, आणि मग खरंच बोला. खरेदी मोंबासाहून आणण्यापेक्षा गावच्या दुक्यातून करा. सिम पासपोर्टवर मिळतं, त्यावर एम-पेसा सुरू करा, भाजीवालीसुद्धा फोनवरच पैसे घेते. २००७ पासून ते चालू आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी.

मुलांचे फोटो आईबापांना विचारून. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कोणीही नाही, गटातले पाळकसुद्धा नाहीत. 'अनाथाश्रमाला भेट' कोणी कार्यक्रमात घातली असेल तर काढून टाका. एका तासासाठी मांडीवर घेतलेलं लेकरू तुम्ही गेल्यावर कोणाच्या मांडीवर जाणार?

ताप आला तर

त्याच दिवशी तपासणी, उद्या नाही. तालुक्याच्या दवाखान्यात बोटातल्या रक्ताच्या थेंबावर मलेरियाची चाचणी होते. जुलाबाला ओआरएस, रक्त पडलं किंवा ताप चढला तर दवाखाना. मोटरसायकल टॅक्सी, म्हणजे बोडाबोडा, हेल्मेट असेल तरच, रात्री नाही. गटाच्या प्रवास विम्याचे कागद, गाडीवाल्याचा नंबर आणि रोख रक्कम एकाच्या जबाबदारीवर कायम तयार ठेवा.

निघताना आणि परतल्यावर

शेवटच्या दोन दिवसांत नवं काही सुरू करू नका. शिक्षिकांनाच एकेक धडा घ्यायला लावा, तुम्ही मागे बसा. हिशेब पाळकांसमोर मांडा. मच्छरदाण्या, टॉर्च ठेवून यायच्या तर मंडळीला द्या, एका घराला नको.

परतल्यावर महिना-दोन महिन्यांनीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आफ्रिकेहून आलो आहे. मंडळीत साक्ष देताना 'बिचारे गरीब, तरी किती आनंदी' हे वाक्य गाळा. ते व्हॉट्सॲपवर आहेत, व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचतो. फोटोंच्या छापील प्रती पाठवा, स्क्रीनवरच्यापेक्षा भिंतीवरच्या जास्त आवडतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मका सोलताना मामा म्चुंगाजींनी विचारलं, तुमच्या नाशकात मका कधी पेरता? त्या मार्चच्या पावसावर पेरतात. मला खरंच सांगता आलं नाही. तीन आठवडे मी त्यांना शिकवत होते आणि माझ्या जिल्ह्यातल्या शेताचं मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर सिन्नरच्या चुलतभावाला फोन केला आणि रात्री मामांना कळवलं, जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाला की. उत्तर लगेच आलं: मग आत्ता तुमचा मका केवढा झालाय? फोटो पाठव.